कुणालाही न हलवता सर्वांना सामावून कसं घ्यावं
(नवशिक्या साहेबांसाठी सोपी मार्गदर्शिका)

अभिनंदन! यंदापासून तुमच्या वार्षिक मूल्यमापनात ‘समावेशकता’ नावाचा एक नवा रकाना आला आहे. कालपर्यंत तुम्हाला फक्त डेडलाइन सांभाळायच्या होत्या, आता माणसंही सांभाळायची आहेत. घाबरून जाऊ नका. पुण्या-मुंबईकडच्या मध्यम आकाराच्या ऑफिसात, मध्यम उंचीच्या खुर्चीत बसलेल्या साहेबांसाठीच ही मार्गदर्शिका लिहिली आहे. (बाईसाहेबांनाही चालेल. साहेब बाईही असू शकतात हे परिच्छेद लिहून झाल्यावर आमच्या लक्षात आलं. समावेशकतेची सुरुवात साधारण अशीच होते.)

या विद्येचं सूत्र एकच आहे, ते पाठ करा. ज्याचा फोटो निघतो ते करायचं; ज्यासाठी कुणाला तरी सरकून बसावं लागेल ते टाळायचं. पुढचे सगळे धडे याच सूत्राचा विस्तार आहेत.

लागणारं साहित्य

एक बॅनर. त्यावर निरनिराळ्या रंगांचे हात एकमेकांत गुंफल्याचं चित्र. एक पाहुणे वक्ते, शक्यतो तासाभरात आटोपणारे. माणशी दोन समोसे. आणि ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य. हे वाक्य पगारवाढीच्या दिवसांत मात्र वापरू नये. लोक वाटणी मागतात.

धडा पहिला : भरती

‘आमच्याकडे फक्त गुणवत्ता बघतात,’ हे जाहिरातीत ठळक छापा. जातीचा किंवा धर्माचा उल्लेख मुलाखतीत चुकूनही करू नका. गरजच नसते. ‘मूळचे कुठले?’ असं हसतमुखानं विचारा. समोरच्यानं तालुका सांगितला की, ‘हो का, आणि गाव?’ गाव सांगितलं की, ‘अच्छा, तिकडे आमचे एक पाहुणे आहेत. तुम्ही म्हणजे नेमके कुठल्या बाजूला राहता?’ मग ‘वडील काय करतात?’ चौथ्या प्रश्नापर्यंत तुमच्या मनातल्या फॉर्मवरचे सगळे रकाने भरलेले असतात आणि कागदावर एक अक्षरही उमटलेलं नसतं.

ही पद्धत आमची नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन या समाजशास्त्रज्ञांनी दिल्ली परिसरातल्या खासगी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये निबंध लिहिला. हे अधिकारी मनापासून गुणवत्तेचे भोक्ते होते, आणि तितक्याच मनापासून ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ही विचारत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं त्यांना वाटत नव्हतं. तुम्हालाही वाटू देऊ नका.

त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा आणखी एक उद्योग छापून आला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक फक्त नावात : एक उच्चवर्णीय हिंदू वाटणारं, एक दलित वाटणारं, एक मुस्लिम. पहिल्या नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. मुलाखतीत कोणी अडखळलं नव्हतं, कोणाचं इंग्रजी कच्चं नव्हतं. मुलाखत झालीच नव्हती. असे अभ्यास कुणी तुमच्यासमोर ठेवले, तर ‘आता तसं काही राहिलं नाही हो’ असं म्हणून चहा मागवा.

इतकं करूनही वेगळंच कोणी चाळणीतून खाली उतरलं, तर ‘कल्चर फिट नाही’ हा शेरा हाताशी ठेवा. याचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे तो कुणाला खोडूनही काढता येत नाही. शिवाय ‘ओळखीतला माणूस आणा, बक्षीस मिळवा’ ही योजना सुरू करा. माणसाच्या ओळखी बहुधा त्याच्या सोसायटीतल्या, शाळेतल्या आणि नात्यातल्या असतात. दोन वर्षांत ऑफिसाचं स्नेहसंमेलन आणि वधू-वर मेळावा एकाच हॉलमध्ये घेता येतो.

धडा दुसरा : सणवार

महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांविषयीचा २०१७ चा कायदा वर्षाला आठ पगारी सुट्ट्या देतो. त्यांतल्या चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार सणांच्या. त्या मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी एकमेकांशी बोलून ठरवायच्या, असं कायदा म्हणतो. इथे नवशिक्याचा गोंधळ उडतो, कारण ‘बोलून’ म्हणजे खरंच बोलायचं की काय, अशी शंका येते. तसं नाही. ३० डिसेंबरला संध्याकाळी यादी मेलनं पाठवा : गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळीचे दोन दिवस. चार झाले. खाली लिहा, ‘सूचनांचं स्वागत आहे.’

ईदची सुट्टी ‘ऐच्छिक’ ठेवा आणि परदेशी क्लायंटचा कॉल नेमका त्या दिवशी लावा. दुसऱ्या दिवशी शेखच्या टेबलाशी जाऊन ‘काय रे, बिर्याणी कुठंय?’ असं मोठ्यानं विचारा. याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतात. ईद कोणती होती, रोजे कधी संपले, त्या महिनाभरात त्यानं दुपारच्या जेवणाच्या मीटिंगा कशा काढल्या, हे विचारायची गरज नाही. बिर्याणी पोचली की समावेश पूर्ण झाला.

१४ एप्रिलला इंट्रानेटवर निळ्या पार्श्वभूमीचं अभिवादन टाका. कुणी त्या दिवशी सुट्टी मागितली, तर ‘हो, ट्रॅफिक फार असतं त्या दिवशी, लवकर निघ,’ असं म्हणा. सहानुभूतीही दाखवून झाली आणि विषयही बदलला.

ऑफिसातला गणपती सर्वांचा असतो. आरतीला हजेरी पूर्णपणे ऐच्छिक ठेवा. कोण आलं नाही याची नोंद आपोआप होतेच. ती पुढे ‘टीममध्ये मिसळत नाही’ या शेऱ्याच्या रूपानं अप्रेझलमध्ये वापरता येते.

‘ट्रॅडिशनल डे’ विसरू नका. त्या दिवशी मणिपूरहून आलेल्या टेस्टरला ‘तुमचा तो ड्रेस’ घालून यायला सांगा आणि फोटोत मधोमध उभं करा. वर्षाचे उरलेले दिवस त्याला मोमोवरून हाक मारली, ‘तू इंडियाचाच ना?’ असं विचारलं, तरी त्या एका फोटोत सगळं भरून निघतं. इंफाळ आणि ऐझॉल ही एकाच राज्यातली गावं आहेत अशी तुमची समजूत असेल, तर तीही तशीच असू द्या. बिचारा रोज कितीदा दुरुस्त करणार?

धडा तिसरा : पँट्री

हा धडा सावकाश वाचा, कारण ऑफिसची राज्यघटना इथेच, ओट्यावर, अंमलात येते.

प्रथम मायक्रोवेव्हवर पाटी लावा : ‘सर्वांच्या भावनांचा आदर राखून येथे मांसाहारी डबे गरम करू नयेत. हुकुमावरून.’ या वाक्यातल्या ‘सर्वां’त कोण येतं याची मोजदाद करत बसू नका. लसणाच्या फोडणीला वास नसतो, हिंगालाही नसतो. वास फक्त बोंबलाला असतो, हे विज्ञान पाटीनं एकदा सिद्ध केलं की पुरे. मालवणकडची अकाउंट्समधली मुलगी मग बांगड्याचं तिखलं घरीच ठेवते आणि सोमवार ते शुक्रवार बटाट्याची भाजी आणते. एखाद्या दिवशी आणलंच, तर थंडच खाते, जिन्यात, डब्याचं झाकण अर्धं लावून. तिला कुणी काही बोललेलं नसतं. हेच या पद्धतीचं कौशल्य : कुणीही कुणाला काहीही बोलत नाही.

आता कपांकडे या. कर्मचाऱ्यांना कंपनीचं बोधचिन्ह असलेले चिनी मातीचे मग द्या. झाडपूस करणाऱ्या मावशींसाठी स्टीलचा एक पेला ठेवा. सिंकखालच्या कपाटात, फिनाइलच्या बाटलीशेजारी. त्याच्या कडेला पोचा आलेला असावा, म्हणजे ओळखायला सोपं जातं. हा नियम कुठेही लिहू नका. मावशींना तो पहिल्याच दिवशी आपोआप कळतो, आणि नवीन मुलानं चुकून त्यांना मगात चहा दिला, तर त्या स्वतःच म्हणतात, ‘राहू दे बाळा, माझा पेला आहे.’ झालं, त्यांची स्वतःचीच आवड ठरली. आता तुम्ही कोण मध्ये पडणार?

या पेल्याची परंपरा जुनी आहे. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात एक नवे प्राध्यापक अर्थशास्त्र शिकवायला आले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, लंडनमधला अभ्यास पैशाअभावी अर्धा सोडून परतलेले. त्यांचं व्याख्यान ऐकायला पुढे बाहेरचे विद्यार्थीही येऊन बसत. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातलं पाणी त्यांनी पिऊ नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. त्या सहकाऱ्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. प्राध्यापकांचं नाव डॉ. भीमराव आंबेडकर. नऊ वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळभर पाणी प्यायलं, आणि पुढे राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदानं अस्पृश्यता नष्ट केली. तुम्ही एवढं करा की घटना दिन साजरा करताना उद्देशिकेचं सामूहिक वाचन पँट्रीपासून जरा लांब, कॉन्फरन्स रूममध्ये ठेवा. मावशींना तेव्हा खुर्च्या लावायला बोलवा आणि वाचन सुरू झालं की दार ओढून घ्यायला सांगा.

धडा चौथा : भाषा

मराठी माणसानं ऑफिसात मराठी बोलावं, हे उत्तमच. नवशिक्यानं ते कधी बोलायचं एवढंच शिकायचं. चेन्नईहून आलेली सहकारी मीटिंगमध्ये असेल, तेव्हा मुद्द्याचं बोलणं इंग्रजीत करा आणि निर्णय मराठीत घ्या. मध्येच सगळे हसले आणि तिनं ‘काय झालं?’ विचारलं, तर ‘काही नाही, असंच,’ म्हणा.

उलट दिशेनंही हे जमतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला, कोड सगळ्यांत नीट लिहिणारा मुलगा सादरीकरणात इंग्रजीसाठी थांबला, की त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करा. दोनदा पूर्ण केलंत की तिसऱ्यांदा तो सुरूच करणार नाही. मग ‘टेक्निकली चांगला आहे, पण क्लायंटसमोर नको,’ असं लिहा. अशा रीतीनं एकाच ऑफिसात तमिळ मुलीला मराठीनं आणि मराठी मुलाला इंग्रजीनं बाहेर ठेवता येतं. याला बहुभाषिकता म्हणतात.

धडा पाचवा : महिला

८ मार्चला प्रत्येकीला एक गुलाब, एक चॉकलेट आणि ‘घर आणि ऑफिस दोन्ही सांभाळणाऱ्या’ असा गौरव. घर दोघांनी सांभाळायची सूचना भाषणात आणू नका. टाळ्या कमी पडतात. इतर दिवशी मीटिंगचा वृत्तांत लिहायला बाईलाच सांगा, ‘तुझं अक्षर छान आहे ना.’ सगळं टाइपच करायचं असतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते : अध्यक्ष वरिष्ठ महिला, निदान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. समितीची माहिती दर्शनी भागी लावणंही बंधनकारक आहे. फलक जरूर लावा. प्रिंटरच्या कागदाचे खोके फलकासमोर रचू नयेत, असं काही कायद्यात स्वतंत्रपणे लिहिलेलं नाही.

हा कायदा कुठून आला, हे विचारायची वेळ कुणावर येऊ देऊ नका. राजस्थानात भंवरीदेवी नावाची ‘साथीण’ (गावपातळीवरची कार्यकर्ती) सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह रोखायला गेली, आणि १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांचा कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं गेली. एका बाईनं कामावर असताना जे सोसलं त्याच्यावर हा फलक उभा आहे. ‘आजकाल बायकांशी बोलायचीही भीती वाटते बुवा,’ या एका वाक्यात चहाच्या वेळेला ते सगळं उडवून लावता येतं. वाक्य हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं.

प्रसूती रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली आहे. त्यावर उपाय म्हणजे मुलाखतीतच ‘लग्नाचं काय ठरलंय?’ हा आपुलकीचा प्रश्न. रजेवरून परतलेल्या सहकारिणीचा प्रकल्प दुसऱ्याला देऊन टाका आणि तिला सांगा, ‘तुझ्यावर लोड नको म्हणून.’ तिनं लोड मागितला, तर ती कृतघ्न ठरते. पन्नास कर्मचारी झाले की पाळणाघर लागतं, म्हणून एकोणपन्नास ठेवा; बाकीचे कंत्राटदाराकडून घ्या.

धडा सहावा : रॅम्प

२०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण लेखी करायला लावलं. धोरण लेखी करा. रॅम्पही बांधा, तो चढून माणूस जिथे पोचतो तिथे जनरेटर असला तरी चालेल. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहात गणपतीचं मखर, दिवाळीचे कंदील आणि ख्रिसमसचं झाड नीट रचून ठेवा. तिन्ही सणांचं साहित्य एका छपराखाली गुण्यागोविंदानं नांदत असल्याचं हे ऑफिसातलं एकमेव ठिकाण असतं. ज्याच्यासाठी ते बांधलं, तो आला की किल्ली शोधू.

धोक्याच्या सूचना

खालील गोष्टी नवशिक्यानं अजिबात करू नयेत. त्यांचा फोटो निघत नाही आणि परिणाम टिकतात.

१. अर्जावरचं नाव, फोटो आणि गाव झाकून पहिली छाननी करू नका. मुलाखतीला कोण येऊन बसेल, याचा नेम राहत नाही. सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारणं तर आणखी घातक. मग ‘फिट नाही’ म्हणायला कारण लिहावं लागतं.

२. सुट्ट्यांची यादी ऑक्टोबरात लोकांसमोर ठेवू नका. चारपैकी एक सुट्टी प्रत्येकाला आपल्या पसंतीनं घेऊ दिलीत, तर कुणी बुद्धपौर्णिमा घेईल, कुणी ईद, कुणी गुड फ्रायडे, कुणी छठ. त्या दिवशी त्याचं काम तुम्हाला करावं लागेल, आणि तो दिवस तुमच्याही लक्षात राहील.

३. सगळ्यांना एकाच प्रकारचे कप आणू नका. खर्च किरकोळ आहे, पण कपाटातला पेला काढून टाकताना तो तिथे का होता, हे कुणी तरी मोठ्यानं विचारण्याचा संभव असतो.

४. वृत्तांत लिहिण्याची पाळी आडनावाच्या अक्षरानुसार लावू नका. तुमचा नंबर येईल.

५. जिन्यात डबा खाणारीला ‘इथे का बसलीस?’ असं विचारू नका. विचारलंत तर उत्तर ऐकावं लागेल, आणि उत्तर ऐकलं तर पाटी काढावी लागेल. एक जास्तीचा मायक्रोवेव्ह आणि एक एक्झॉस्ट फॅन यांत प्रश्न सुटतो, हे जाहीर झालं तर भावनांचं काय करायचं, हा नवाच प्रश्न उभा राहील.

६. कुणी ‘मला ते बोलणं लागलं,’ असं म्हटलं, तर ‘त्याचा तसा हेतू नव्हता’ हे वाक्य गिळू नका. ते गिळलंत, तर पुढच्या शांततेत समोरचा माणूस उरलेलंही सांगून टाकतो.

७. नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या शेवटच्या मुलाखती एकत्र वाचू नका. सुट्या सुट्या वाचल्या, तर प्रत्येकाचं कारण ‘वैयक्तिक’ असतं.

स्वाध्याय

प्र. १. रिकामी जागा भरा : ‘आमच्या ऑफिसात जातबीत काही नाही,’ असं म्हणणाऱ्या सहकाऱ्याचं आडनाव ________ आहे.

प्र. २. कारणे द्या : मावशी तुमच्या मजल्यावर तुमच्या आधीपासून आहेत, तरी त्यांचं पूर्ण नाव तुम्हाला ठाऊक नाही.

प्र. ३. चूक की बरोबर ते लिहा : ‘जिन्यात बसून जेवायला तिला आवडतं.’

प्र. ४. जोड्या लावा. ‘अ’ गट : मग, मखर, मीटिंगचा वृत्तांत, क्लायंटसमोरचं सादरीकरण. ‘ब’ गट : तुमच्या टीममधल्या माणसांची नावं. (एका माणसाला एकापेक्षा अधिक गोष्टी जोडल्या गेल्या, किंवा कुणाला काहीच जोडलं गेलं नाही, तर घाबरू नका. तीच पाठाची उजळणी आहे.)

प्र. ५. एका वाक्यात उत्तर द्या : गेल्या वर्षभरात दुसऱ्या कुणाच्या सोयीसाठी तुम्ही स्वतःची कोणती सवय, वेळ किंवा जागा बदललीत?

उत्तरपत्रिका साहेबांनी स्वतः तपासू नयेत. ज्यांना सामावून घेतल्याचं आपण वार्षिक अहवालात लिहिलं आहे, त्यांच्याकडे त्या द्याव्यात, आणि ते निकाल सांगत असताना मध्ये बोलू नये.